कलती नळी

मुलांनो, तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे डॉक्टर दीर, गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी स्वयंपाकाच्या सुंद्राबाईला सांगत होते, "दही हलवू नकोस, भावजी येऊन बघतील." महिना होत आला... ते वाक्य अजून स्वयंपाकघरातच आहे.

भावजींचं संशोधन रक्त पातळ करणाऱ्या औषधावर होतं. तेच औषध जास्त दिलं की उंदीर मारतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते उंदरांना तूप चारून त्यांच्या यकृतात चरबी चढवत आणि मग औषध देत. असे उंदीर थोडक्या औषधानंही आतल्या आत रक्त सांडून मरत, हे ते आम्हांला भातावर तूप वाढून घेताना सांगत. रक्त गोठलं का हे पाहण्याची त्यांची रीत साधी होती. काचेची नळी मुठीच्या उबेत धरायची आणि हळूच कलती करायची. ही खोड घरीही आली. रोज सकाळी ते दह्याचं पातेलं कलतं करून पाहत. कोडोलीची आमची सुंद्राबाई ओरडायची, "डॉक्टर, मोडंल की! त्ये काय तुमचा उंदीर हाय व्हय?" "घट्ट झालंय," असं गंभीरपणे सांगून मगच ते चहा घेत.

गेल्या वर्षी त्यांच्याच पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली आणि तेच औषध सुरू झालं. पुढे हातांवर जांभळे डाग उमटले. "यकृत तपासून घ्या," मी म्हटलं. ते हसले. "वहिनी, मी कधी दारूला शिवलो नाही. मला काय होतंय?" दारू तर उंदरांनीही घेतली नव्हती... पण हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही.

शेवटच्या दुपारी, डोकं फार दुखतंय म्हणत, त्यांनी स्वतःचं रक्त नळीत काढून माझ्या मुठीत दिलं. थोड्या वेळानं विचारलं, "घट्ट झालं का, वहिनी?" मी नळी कलती केली. रक्त काठाकडे धावलं. आम्ही थांबलो... पुन्हा कलती केली... पुन्हा धावलं. त्यांनी नळी उजेडात धरली आणि हलकेच म्हणाले, "उंदीर खरं सांगत होते." तसंच रिक्षातून दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. सकाळी तो फोन आला.

हल्ली झाकण काढलं की पातेल्याच्या एकाच बाजूला, पार काठापर्यंत, दह्याच्या पाण्याची ओली रेघ असते. "म्या हात लावला न्हाय, बाईसाहेब," सुंद्राबाई भिंतीला टेकून म्हणते. मी रेघ पुसत नाही. पातेलं जपून कलतं करते, नीट बघते आणि मोठ्यानं सांगते, "घट्ट झालंय, भावजी... आता चहा घ्या."