गिरजाचं पुढं काय झालं

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतकी पुस्तकं वाचलेला माणूस सोलापूर जिल्ह्यात नसेल, आणि आपण नेमकं काय वाचलं याचा इतका कमी पत्ता असलेला माणूस तर उभ्या महाराष्ट्रात नसेल. मामांचं सारं आयुष्य चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचनालयाचं सभासदत्व घेतलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. पुस्तक घरी आलं की मामा डोळे किलकिले करून, नाव न बघता, त्याला चादरीच्या तुकड्याचं कव्हर शिवतात. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव आधी बघायचं नाही हा त्यांचा नियम. "सोयरीक करताना आडनाव बघून फसतो मानूस," ते म्हणतात, "हितं तरी नको की!" त्यामुळे त्या घरात पुस्तकं रंगांवरून ओळखली जातात. परत करताना ते कव्हर उसवून ठेवून घेतात आणि पुढच्या महिन्यात ग्रंथपाल बाईंकडे जाऊन ठसक्यात विचारतात, "ते मोरपंखी पुस्तक परत मिळंल का?" बाई बिचाऱ्या मोठ्या सोशिक.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण मामा एका वेळी पाच पुस्तकं वाचतात, रोज प्रत्येकातलं एकेक प्रकरण. एकाच धाग्यानं चादर होत नाही, हे त्यावर त्यांचं उत्तर. चादर होत असेलही, पण गोष्टीचा पार गुंता होतो. गेल्या वर्षी त्यांनी मला एक कादंबरी अशी काही रंगवून सांगितली की मी हातातली कामं टाकून पुस्तकाच्या दुकानात गेलो. कलेक्टरची बायको हिमालयात मधमाश्या पाळते, तिच्या भावाला दरोड्यात अटक होते आणि शेवटी ज्वारीवरचा चिकटा रोग जातो, असं मी दुकानदाराला सांगितलं. त्यांनी मला स्टूल दिलं आणि पाणी मागवलं.

तरीही आमचं सगळं गणगोत येळवसेला मंद्रूपच्या शेतात जमतं, ते निम्मं मामांसाठी. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्याकडे सगळे शेतात जेवतात. कडब्याची खोप करून पूजा व्हायची, भाज्या-डाळींची भज्जी आणि बाजरीचे उंडे पोटभर खायचे, वर गार आंबील प्यायची, आणि मग मामा वर्षभरातल्या आवडत्या पुस्तकांचे नंबर जाहीर करणार. शेवटपर्यंत वाचून झाल्याशिवाय पुस्तकाला नंबर नाही, हा आणखी एक नियम. एका वर्षी तिसरा नंबर मिळालेलं पुस्तक कव्हर काढल्यावर वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक निघालं. मामा जरासुद्धा ओशाळले नाहीत. "भाषा बगा कशी सरळ हाय," म्हणाले.

यंदा मात्र पहिला नंबर मामी देणार होत्या. मामी मूळच्या दुधनीच्या, बोलता बोलता कानडीत शिरणाऱ्या आणि मामांपेक्षा दुप्पट शहाण्या. वर्षभरापूर्वी त्यांच्या डोळ्यांचा मागचा पडदा गेला, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून मामा रोज दुपारी त्यांना वाचून दाखवतात. त्यात एका गिरजाची गोष्ट मामींच्या मनात बसली. नवऱ्यानं टाकलेली, शिवणयंत्र घेऊन घराबाहेर पडलेली गिरजा. मामी फोनवरसुद्धा तिचीच खबर सांगायच्या, "अय्यो, गिरजानं दुकान काढलं बगा!" मला वाटायचं, ही कुणीतरी नात्यातली असावी. बायकोला विचारलं तर तिलाही तसंच वाटत होतं.

येळवसेच्या दिवशी जेवणं झाल्यावर मामी म्हणाल्या, "आता गिरजाचा शेवट वाचा. मंग नंबर देते." मामांचा चेहरा पडला. मला खूण करून ते विहिरीकडे घेऊन गेले.

"जावईबापू, घोटाळा झालाय," ते म्हणाले. "गिरजा मेलीया."

"कधी?"

"तिसऱ्या प्रकरणात. तापानं."

मला काही उमगेना. तिसऱ्या प्रकरणात मेलेल्या बाईनं आठ महिन्यांनी दुकान कसं काढलं? मामा खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी ही पैल्यांदा हसली होती हो, डोळं गेल्यापासनं. तिला कसं सांगू, मेली म्हनून? मंग दुसऱ्या पुस्तकांतलं थोडं थोडं जोडत गेलो. आता जोडायला कायबी न्हाय राहिलं. शेवट कुटनं आनू?"

इतकी वर्षं या माणसाच्या घोटाळ्यांना मी हसलो. त्या विहिरीपाशी मला हसू आलं नाही.

परत आलो तर मामी मांडीवर हात ठेवून वाट बघत होत्या. मामांनी घसा खाकरला, आंबील बाधली, आवाज बसला असं काहीतरी पुटपुटले आणि निळ्या कव्हराचं पुस्तक सरळ माझ्या हातात दिलं. मी उघडलं. मधुमक्षिकापालन. समोर राणीमाशीचं चित्र, शेजारी मामी, आजूबाजूला कान टवकारलेलं सगळं गणगोत. मी सुरुवात केली. गिरजा सकाळी उठली. दुकानाचं दार उघडलं. पुढं काय करावं हे ना गिरजाला कळत होतं ना मला, म्हणून मी तिला दुकान झाडायला लावलं. मग पुन्हा एकदा झाडायला लावलं. मग एक गिऱ्हाईक आलं, त्याला झबलं हवं होतं. झबलं कसं शिवतात ते मला ठाऊक नाही, तरी मी ते बाहीपर्यंत आणलं. मामा तोंडावर उपरणं धरून शेताकडे बघत बसले होते.

मामींनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, मधनंमधनं पान तरी उलटा की. ते उलटत असतात. आनि शेवटाची घाई नको. नंबर पुढच्या वर्षी देऊ."

मी पान उलटलं. गिरजानं दुसरी बाही शिवायला घेतली.