गफूरभाईंची बस अमेरिकेत

ॲप तपासणाऱ्या माणसाला मी चालू बसचं लॉगिन दिलं. तपासणीसाठी वेगळं खोटं खातं करायला अर्धा तास लागला असता. तो मी वाचवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे महालिंगप्पा, आमचे चाकूरचे क्लायंट. खताचं दुकान आणि एक मिनीबस. ती बस सकाळी आसपासच्या खेड्यांतून कॉलेजच्या मुली गोळा करून लातूरला नेते, संध्याकाळी परत आणून सोडते.

"साहेब, बस कुठं हाय?"

"असंल की रस्त्यात. निघाली असंल लातूरहून."

"ॲपमधी बघा."

"रेंज गेली असंल आप्पा, जरा वेळानं—"

"बघा तर खरं."

बघितलं. बस अमेरिकेत होती. एका मोठ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, झाडांच्या दोन रांगांमधोमध, नीट उभी. वेग शून्य. तिथं तेव्हा पहाट असणार. खाली आमच्याच ॲपनं आपुलकीनं कळवलं होतं, की आपल्या थांब्यावर बस यायला थोडा उशीर होऊ शकतो.

हे कसं झालं ते सांगतो. माझं ऑफिस नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वाटेवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक इन्व्हर्टर आणि मी. आप्पांसाठी मी एक साधं ॲप केलं होतं. त्याचे दोन भाग. एक ड्रायव्हर गफूरभाईंच्या फोनमध्ये, तो बसचं ठिकाण पाठवत राहतो. दुसरा मुलींच्या घरी, त्यात नकाशावर बस सरकताना दिसते.

अडचण अशी, की गफूरभाई फोन खिशात टाकतात आणि स्क्रीन बंद होते. स्क्रीन बंद झाली की फोन ॲपला झोपवतो. मग घरच्यांना बस मघाशी जिथं होती तिथंच थिजलेली दिसते. ॲपला जागं ठेवायला एक खास परवानगी लागते. तिला आमच्याकडं बॅकग्राउंड लोकेशन म्हणतात. ती नुसती गफूरभाईंनी देऊन भागत नाही. ज्या स्टोअरमधून लोक ॲप उतरवून घेतात, त्या कंपनीनं आधी हो म्हणावं लागतं.

फोन गफूरभाईंचा, बस आप्पांची, कोड माझा. परवानगी सातासमुद्रापलीकडची.

हा नियम का आहे ते मला माहीत होतं. टॉर्चचं ॲप म्हणून घ्यावं आणि त्यानं दिवसभर आपल्यावर पाळत ठेवावी, असल्या भानगडी होतात. पण आपण स्वतःला साव समजत असलो की चोरांसाठी केलेला प्रत्येक नियम आपला अपमान वाटतो. मला तर फार वाटला. पहिला नकार आला, व्हिडिओ पाठवा. पाठवला. दुसरा आला, ज्याचं ठिकाण घेताय त्याला आधी स्पष्ट सांगा आणि विचारा. मी बारीक करड्या अक्षरांत इंग्रजीत चार ओळी टाकल्या. गफूरभाईंनी न वाचता ओके दाबलं. मीही त्या नीट वाचल्या नव्हत्या. तिसरा नकार, सूचना पुरेशी स्पष्ट नाही. प्रत्येक मेलचा मजकूर तोच, शेवटी आभार. आणि आता तारीखही दिलेली: तोवर नवं ॲप मंजूर झालं नाही तर जुनंही स्टोअरवरून उतरवू.

आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"त्या कंपनीत आपल्या ओळखीचं कुणीच न्हाई का?"

"न्हाई आप्पा."

"नांदेडचं कुणी? एखादा पोरगा लागला असंल की तिकडं."

"तसं चालत न्हाई तिथं."

"तहसीलमधी निदान खिडकी तरी असती," आप्पा म्हणाले. "उद्या या म्हणायला तरी माणूस बसलेला असतो."

खिडकीच नसेल तर कुणावर ओरडायचं? मी माझ्या माडीवर बसून इन्व्हर्टरवर ओरडत होतो.

दुसरा रस्ता होता. स्टोअर सोडून ॲपची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची. ते मी करून बघितलं. फाइल उघडताच फोन लाल अक्षरांत सांगतो, की हे धोकादायक असू शकतं. ती अक्षरं बघून पहिला फोन आला कांबळेसाहेबांचा. "सर, तुमचं ॲप लायनीवर करंट असल्यासारखं दाखवायलंय. हात लावू का नको?" कांबळेसाहेब लाइनमन. धोक्याच्या पाटीचा मान ठेवणं त्यांच्या नोकरीतच आहे.

या कांबळेसाहेबांची मुलगी प्रज्ञा. त्यांच्या गावात शाळा दहावीपर्यंत. पुढं लातूर, नाहीतर घर. तिनं अकरावी सायन्सला लातूरला जायचं म्हटलं तेव्हा घरात बरीच वादावादी झाली. शेवटी ते एका अटीवर तयार झाले: बस मोबाईलमध्ये दिसत राहिली पाहिजे. दिसली नाही, त्या दिवसापासून कॉलेज बंद. म्हणजे मी चिडचिड करत होतो ती परवानगीसाठी, आणि त्या परवानगीवर एका मुलीची अकरावी टांगलेली होती. हे मला माहीत होतं. तरी अर्धा तास मी वाचवला.

सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत करून पुन्हा पाठवलं, तर चौथ्या नकाराचं कारण होतं, आम्हाला लॉगिन करता आलं नाही. कसं येईल? स्टोअरच्या तपासनिसाला मी लॉगिनसाठी गफूरभाईंचा नंबर दिला होता. ओटीपी गफूरभाईंना जात होता.

"कोई तो बार बार नंबर भेज रा," गफूरभाई मला म्हणाले. "मैं किसीको नई बताया."

"तो नंबर मला सांगा गफूरभाई."

"बँकवाले बोले, किसीको नको बताना. तुमको बी नई."

मग मी सर्व्हरमध्ये अशी सोय केली, की गफूरभाईंच्या नंबरला एक ठरावीक सोपा आकडा कायम चालेल. तो आकडा तपासनिसाला कळवला आणि मोठं काम उरकल्यासारखा घरी जाऊन जेवलो.

सर्व्हरला माणूस कळत नाही, खातं कळतं. दुसऱ्या दिवशी तपासनीस, किंवा त्याचं यंत्र, गफूरभाईंच्या खात्यात शिरलं. एका खात्यात एकच फोन, हा नियम माझाच. त्यामुळं खरे गफूरभाई बाहेर पडले आणि तपासनीस बस चालवायला बसला. तो जिथं होता, किंवा त्याचं यंत्र स्वतःला जिथं समजत होतं, तिथं बस गेली.

मी गफूरभाईंना फोन लावला. उचलला नाही. गाडी चालवताना फोन उचलू नये, असं मी ॲपमध्ये ठळक लिहिलं होतं. माझी तेवढी एकच सूचना त्यांनी वाचली होती. मी तो आकडा बदलला, तपासनिसाला बाहेर काढलं. आता बस अमेरिकेतही नव्हती. कुठंच नव्हती.

तोवर कांबळेसाहेब मोटारसायकल काढून लातूरच्या दिशेनं निघाले होते. बस त्यांना रोजच्या वेळेला, रोजच्या फाट्यावर भेटली. त्यांनी ती आडवी गाडी घालून थांबवली. आत मुली शेंगा खात होत्या. त्यांनी प्रज्ञाला उतरवलं, मागं बसवलं आणि घरी नेलं.

शनिवारी सकाळी आप्पांचा फोन. "कांबळेची पोरगी आली न्हाई. तिच्या शेजारच्या दोघीबी न्हाईत. म्या काय सांगू लोकास्नी? तुम्हीच या."

लोहा, अहमदपूर करत एसटीनं चाकूर गाठलं. आप्पांच्या दुकानात पोत्यांवर कांबळेसाहेब बसले होते. प्रज्ञा दाराशी, दप्तरासकट. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. कंपनीचे नियम, तपासनीस, खातं, आकडा.

कांबळेसाहेबांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे तिकडचा कुणीतरी गफूरभाई हून बसला."

"हाव."

"आन आमच्या पोरी कुणाच्या बसमधी हुत्या?"

"गफूरभाईंच्याच."

"मंग सर, म्या इतके दिवस काय बघायलो व्हतो?"

मी कंपनीवर घसरलो. म्हटलं, त्यांनी चार-चारदा परत पाठवलं नसतं तर ही वेळच आली नसती. कांबळेसाहेब म्हणाले, "आमच्या लायनीवर काम करताना मागं कुणी स्विच मारू न्हाई म्हणून कुलूप लावत्यात. चावी ज्याचं काम त्याच्याच खिशात. तुम्ही तर चावी बाहेरच्याला दिली." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

प्रज्ञा दारातूनच म्हणाली, "पप्पा, चुकलं ते ॲप. बस चुकली न्हाई. म्या येळेवर आले व्हते."

"मला दिसत नव्हतीस."

"तरीबी येळेवर आले व्हते."

कांबळेसाहेब पोत्याच्या शिवणीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "माझा तुझ्यावर इश्वास न्हाई असं न्हाई."

"मंग सोमवारी जाऊ?"

कांबळेसाहेब उठले, मोटारसायकल चालू केली आणि तिला म्हणाले, "आजचाच तास बुडवायलीस कामून? बस मागं." लातूरला सोडून आले. सोमवारपासून ती पुन्हा बसनं जाऊ लागली. नवी अट ठरली, कॉलेजात पोचल्यावर एक फोन करायचा. त्यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही. शेजारच्या दोघीही आल्या.

त्याच आठवड्यात स्टोअरचा मेल आला. ॲप मंजूर. मी तो दोनदा वाचला. मग उमगलं. तपासनिसाच्या बाजूनं बघितलं तर ॲपनं चोख काम केलं होतं. तो जिथं बसला होता, तिथं बस उभी असलेली त्याला दिसली. माझ्या व्हिडिओनं जे पटलं नाही, ते आप्पांची बस तिकडं गेल्यावर पटलं.

धंद्यातला धडा छोटा आहे. तपासणीचं खातं वेगळं ठेवा. अर्धा तास लागतो.

नवं ॲप घालायला मी पुन्हा चाकूरला गेलो. या वेळी सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत केली होती. सकाळी मुली बसमध्ये चढत होत्या, मी पुढं गफूरभाईंजवळ बसलो होतो. गफूरभाईंनी स्टीअरिंगवर फोन टेकवून ती मोठ्यानं वाचली: फोनची स्क्रीन बंद असतानाही बस कुठं आहे हे घरच्यांना दिसत राहील. तुम्हाला चालेल का?

"नई बोला तो?"

"तर ॲप चालणार नाही."

"फिर पूछते कायको?" म्हणाले आणि हो दाबलं.

मी मागं वळून मुलींना माझी कर्मकहाणी ऐकवली. चारदा नकार, कशासाठी, तर गफूरभाईंना नीट विचारलं नाही म्हणून. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला किती छळावं, असं काहीतरी मी म्हणालो. प्रज्ञा खिडकीशी बसली होती. तिनं पुस्तक मिटलं.

"सर, गफूरचाचाला इचारा म्हणून तुम्हाला चारदा परत पाठवलं. आमाला इचारा म्हणून कुणी एकदाबी परत पाठवलं न्हाई, म्हणून तुम्ही इचारलंबी न्हाई."