एकोणिसाव्या हत्याराची खूण

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. कुणी झपाटल्याचं सांगू लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. म्हणूनच ही हकीकत इतकी वर्षं मासिकात द्यावी की नाही असं वाटत होतं. आता वय झालं. नात लिहून घेतेय, आणि तिला बजावलंय — पदरचा एक शब्द घालायचा नाही.

कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी राधानगरीकडची, भातशेतीतली पोर. विळा-कोयत्यापलीकडे हत्यार पाहिलेलं नव्हतं. लग्न होऊन आले ती शुक्रवार पेठेत, मिस्त्रीच्या घरात. पुढं कारखाना, मागं आम्ही. कारखाना म्हणजे काय तर पत्र्याची पडवी, भाता, ऐरण आणि एक पांढरी भिंत. बग्ग्या, टांगे, खडखडे... जुनी झालेली कुठलीही गाडी सासरे पुन्हा रस्त्याला लावायचे.

ती भिंत हा आमच्या घराचा थाट होता. प्रत्येक हत्याराला खिळा आणि खिळ्यामागं तांबड्या कावेनं काढलेली त्याची आकृती. संध्याकाळी नुसती नजर फिरवली की कळायचं, कुठलं हत्यार जागेवर नाही. हातोडे, सांडश्या, पाने, कानशी, गिरमिट, पटाशी — सगळी मिळून अठरा. सासरे मोठ्या अभिमानानं सांगायचे, "अठरा हत्यारं बास. त्यात जी गाडी हुत न्हाय ती मोडीत घालावी!"

खंडेनवमीला हत्यारं पुजायची. आदल्या दिवशी भिंतीला चुना, आणि नवमीच्या सकाळी घरातल्या बाईनं एकेक हत्यार भिंतीला धरून त्याची खूण नव्यानं काढायची, मग पूजा. ती खूण पुढच्या नवमीपर्यंत पुसायची नाही, असा रिवाज. त्या वर्षी तो मान नव्या सुनेचा, म्हणजे माझा. पुरुषमाणसं नदीला गेली होती, सासूबाई पुरणात. मी टोपलीतलं एकेक हत्यार घेत गेले. कुठलं कशाचं ते मला काय माहीत... धरायचं आणि रेघ ओढायची. एक जड होतं. नागमोडी दांडा, टोकाला कडं, कड्याच्या आत आठ कोपरे. आतूनही रेघ मारली. दांड्यावर एक कंगोरा राहिला होता, त्यानं माझा अंगठा चांगलाच कापला. सासूबाईंनी हळद दाबली.

सासरे आले, भिंतीकडं बघितलं आणि मोजायला लागले.

"सूनबाई, एकोणीस?"

"टोपलीत हुती तेवढी काढली, मामंजी."

टोपलीत अठराच होती! सगळी पडवी उलथीपालथी केली. मला रडू फुटलं, पण मी शब्द मागं घेतला नाही. हातात धरलेलं लोखंड खोटं कसं म्हणू? सासरे शेवटी म्हणाले, "नवमीची खूण हाय, ऱ्हाऊ दे." आमच्या ह्यांना मात्र निमित्तच मिळालं. येता-जाता विचारायचे, "काय गं, तुझ्या माहेरचं हत्यार सापडलं का?"

त्या हिवाळ्यात काम आटलं. मोठ्या घरांतून बग्ग्या जाऊन मोटारी यायला लागल्या होत्या, आणि मोटारीला हात लावायला आम्हाला कोण देणार? दोन-दोन आठवडे भट्टी पेटत नव्हती. हे म्हणू लागले, हुबळीला रेल्वेत जातो. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी देवाला रोज एकच मागत होते — ह्यांना हुबळीला धाडू नको.

आणि माघात, भर दुपारी, दारात मोटार आली. आली म्हणजे... बैलांनी ओढत आणली! कागलकडचे एक इनामदार होते, त्यांनी मुंबईच्या साहेबाकडून जुनी मोटार घेतली होती. मागचं चाक जाम झालेलं. आतला मोठा नट काढल्याशिवाय चाक सुटेना, आणि कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पाटा असा आड येत होता की एकही पाना नटापर्यंत जाईना. आमची अठराच्या अठरा हत्यारं हरली. बाहेर निम्मी पेठ जमली होती, आणि टांगेवाले हसत होते.

इनामदार वैतागले. "छिन्नी लावा आन् फोडा की मिस्त्री!"

"नटाला छिन्नी लावतो तो मिस्त्री न्हवं, खाटीक," सासरे म्हणाले. "फुटला तर दुसरा विलायतेस्नं आणणार काय?"

"मग उद्या दिस मावळूस्तवर बघा. न्हायतर मी मुंबईला धाडतो."

सासरे भिंतीपुढं जाऊन बसले. एकेका खुणेवरून नजर फिरवत गेले. मग एकदम उठले, एकोणिसाव्या खुणेच्या कड्यात दोरा धरून माप घेतलं, आणि तोच दोरा मोटारीखाली जाऊन नटाला लावला. आठ कोपरे. सुताचाही फरक नाही. नागमोडी दांडा होता तो नेमका त्या पाट्याला वळसा घालायला.

"भट्टी पेटव," एवढंच ते ह्यांना म्हणाले.

जुन्या बग्गीच्या आसाचं लोखंड घेऊन बापलेकांनी भिंतीवरच्या खुणेबरहुकूम पाना घडवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो निवला तेव्हा सासऱ्यांनी आधी माझ्या हातात दिला. मी धरला. तेच वजन. आणि अंगठ्याखाली, जुन्या वणावर बरोबर, तोच कंगोरा. हे कानस घेऊन तो घासायला आले. सासऱ्यांनी माझा अंगठा बघितला, पाना बघितला आणि ह्यांचा हात धरला. "घासू नगंस. हाय तसा ऱ्हाऊ दे."

नट करकरला आणि फिरला. चाक सुटलं! संध्याकाळी मोटार आपल्या पायांनी पेठेतून गेली, बैल मागून मोकळे चालत होते. इनामदारांनी विचारलं, "मिस्त्री, असलं हत्यार आणलं कुठनं?" सासरे सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाले, "सुनेनं दिलंय. आता आमची हत्यारं एकोणीस." मी दाराआड उभी होते. पदरानं तोंड झाकलं होतं ते लाजेनं नव्हे, हसू आवरत नव्हतं म्हणून. ह्यांनी हुबळीचं नाव पुन्हा काढलं नाही.

नात इंजिनियर आहे. म्हणते, आजी, तू कुठंतरी चित्र पाहिलं असशील. अगं, मला तेव्हा वाचता येत नव्हतं, आणि मोटार मी पहिल्यांदा पाहिली तीच, बैलांमागची! खुणेवरून पाना झाला. मग खूण कशावरून झाली? सासरे जाईपर्यंत विचार करत होते, त्यांनाही सांगता आलं नाही. मी तर अजून नवमीला तो पाना भिंतीला धरते, रेघ ओढते, आणि काही कळत नाही ते नाहीच. अंगठ्यावरचा वण मात्र आहे, कुणीही येऊन बघावा. आणि त्या नटाला आमच्या घरात छिन्नी लागली नाही.