झाकणाच्या रेघेपर्यंत

दारू पिण्याच्या बाबतीत माझ्या मोठ्या साडूंइतका शिस्तीचा माणूस अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत सापडायचा नाही. इतर माणसं पिताना सैल होतात, साडू कडक होतात. त्यांना मधुमेह आहे. जेवणाआधी इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "सोडलीत तर उत्तम. नाहीच सुटली तर कधीतरी, मापात, पोटात अन्न असताना. आणि एकट्याने नाही." यातलं पहिलं वाक्य साडूंना नीट ऐकू आलं नसावं. पुढचं मात्र त्यांनी कायद्यासारखं पाळलं. 'एकट्याने नाही' या कलमाखाली ते महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी बदलापुरातल्याच मांजर्लीहून रिक्षाने शिरगावात माझ्याकडे येतात.

येताना खिशात खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण असतं. रेघेपर्यंत भरलेली दोन झाकणं म्हणजे एक छोटा पेग, आणि संध्याकाळ तेवढ्यावरच संपते. मी स्वतः आकड्यांचा माणूस. दूधवाल्याचं मापसुद्धा डोळ्यांच्या पातळीला धरून बघतो. पण माझ्या हातून थेंबभर जास्त पडलं की ते कडाडतात, "साडूभाऊ, रेघ दिसत नाही का? चष्मा बदला!" आणि तो थेंब बाटलीत परत जातो. कोल्ड्रिंकला ते 'बाटलीतला पाक' म्हणतात. पाणी नाहीतर साधा सोडा. ग्लुकोमीटर घ्यायला मला उल्हासनगरला घेऊन गेले होते. दुकानदार म्हणाला, "साईं, मशीन तो फ्री समझो." साडू म्हणाले, "हां, और पट्टी के दाम में जान निकालोगे!"

पहिल्या घोटाआधी त्यांचं भाषण ठरलेलं. "नीट ऐका. साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो नाहीतर गप्प होतो. अगदी प्यायल्यासारखा. त्यात तोंडाला वास. तुम्ही म्हणाल, चढली, झोपू दे. आणि मी झोपेतच जाईन! आधी बोट टोचा. डाव्या खिशात ग्लुकोज आहे." माझी बायको आतून म्हणते, "भावोजी, पाठ झालंय. आरतीनंतर म्हणू का रोज?"

गेल्या गटारीला मटण कुकरमध्ये होतं. साडूंनी शिट्या ऐकून जेवणाचा अंदाज बांधला आणि इन्सुलिन टोचून घेतलं. आणि शेवटच्या शिटीआधी सिलिंडर संपला. बायको शेजारून दुसरा मागवायच्या खटपटीत. "ताट येतंच आहे हो," म्हणत साडूंनी आयुष्यात प्रथमच घासाच्या आधी झाकण घेतलं. थोड्या वेळाने मी दुसरं भरायला लागलो. हात हलला, रेघ ओलांडून दारू माझ्या बोटांवर आली. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून थांबलो.

साडू काहीच बोलले नाहीत.

"आज चढली वाटतं भावोजींना," बायको म्हणाली.

"एका झाकणात? ते काय मुंगी आहेत?" असं मी म्हणालो खरं, पण त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि नजर माझ्यातून पलीकडे चालली होती. मी बोट टोचलं. मीटरवर पन्नासच्या जेमतेम वरचा आकडा. डाव्या खिशातलं ग्लुकोज पाण्यात कालवलं आणि बायकोने "गिळा, भावोजी, गिळा" म्हणत एकेक घोट पाजला. पाव तासाने पुन्हा टोचलं. आकडा चढत होता. मग सकाळची पोळी पुढे केली. दोन घास पोटात गेल्यावर साडूंनी टेबलावरच्या झाकणाकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात म्हणाले,

"साडूभाऊ... रेघेच्या वर ओतलंत."

बायको पदराने डोळे पुसत हसली. त्या रात्री त्यांना घरी सोडलं नाही. साखर पुन्हा घसरू शकते म्हणून झोपताना तपासली, मधेही उठवून तपासली.

आता नियम वाढला आहे : ताट समोर आल्याशिवाय सुई नाही, जेवण झाल्याशिवाय झाकण नाही. भाषणही लांबलं आहे. पूर्वी ते कधी संपतंय याची मी वाट बघायचो. हल्ली बोलता बोलता साडू श्वास घ्यायला थांबले, तरी मी त्यांच्या कपाळावर घाम आहे का बघतो. मग मी झाकण भरताना मुद्दाम थेंबभर जास्त ओततो, आणि कान देऊन बसतो.