घरमालकांनी पाहिलेलं उपासाचं ताट

माझ्या घरमालकांसारखा माणूस तंजावुरात दुसरा नाही, आणि ते एका परीनं बरंच आहे. असे दोघे असते तर गावातली मिठाईची दुकानं कधीच बंद पडली असती. वय सत्तरीच्या पुढं, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज मराठी राजांच्या काळात इकडं आले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकताना कुणी जुनी पोथी तमिळ चालीत वाचतंय असं वाटतं. मी विट्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला, गलाईच्या दुकानात भट्टीपुढं बसून सोनं गाळणारा. खोली बघायला गेलो तेव्हा भाडं, अनामत राहिलं बाजूला, पहिला प्रश्न आला, "वडिलांस साखर आहे कां?" म्हटलं, आहे, दोन वर्षांमागं पायाचं बोट काढलं. "शरि, बरं. खोली माडीवर आहे. दिवसांतून चार वेळां तरी चढउतर होईल. बैस." मी हबकलोच. पण दिवसभर परक्या भाषेत धडपडलेल्या माणसाला कुणी मराठीत "बैस" म्हटलं तरी पोट भरतं. मी लगेच हो म्हणून टाकलं.

मग हबकणं रोजचंच झालं. जेवल्यावर शंभर पावलं चालायची हा त्यांचा नेम, मग ते घर असो की लग्नाचा मांडव. नात्यातल्या एका लग्नात ते जेवून उठले आणि नवरानवरीच्या मागून फेऱ्या घालत सुटले. अल्बममध्ये प्रत्येक फोटोत कोपऱ्यात धोतर नेसलेली एक अस्पष्ट आकृती आहे. पंगतीत केळीच्या पानावर आधी तीनदा भाजी मागायचे आणि ती संपेपर्यंत भाताला हात लावायचे नाहीत. एकदा वाढप्याला वाटलं, म्हातारबुवा रुसले. तो मुलीच्या बापाला हात जोडून घेऊन आला. चहाकॉफीच्या टपरीवर अनोळखी माणसाच्या पेल्यात डोकावून "किती चमचे?" असं तमिळमध्ये विचारण्याची त्यांना सवय आहे. मार कसा बसला नाही, हे एक आश्चर्यच.

एका रविवारी त्यांनी मला मोफत तपासणीच्या शिबिराला ओढत नेलं. बोटाला सुई टोचली, नंतर दंडातलंही रक्त घेतलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, काठावर आहे. रोग अजून झालेला नाही, पण वाट त्याचीच आहे. खाणं बदला, हालचाल वाढवा, तीन महिन्यांनी पुन्हा या. माझं वय बत्तीस. घामानं हातातला कागद ओला झाला. डोळ्यांपुढं वडिलांचा पाय आला. माझं काम डोळ्यांचं आणि हातांचं. ते गेलं तर गावाकडं असलेल्या माझ्या मुलींनी बघायचं कुणाकडं?

मी केलं ते आपली माणसं करतात तेच. गुरुवार आणि शनिवार होतेच, त्यात सोमवारचा उपास वाढवला. घरमालकांना सांगितलं, "मामा, आठवड्यातले तीन दिवस मी जेवत नाही." ते इतके खूश झाले की गल्लीभर सांगत सुटले. आणि एका सोमवारी पालेभाजीची जुडी द्यायला माडी चढून वर आले. माझ्यापुढं ताट होतं. साबुदाण्याच्या खिचडीचा डोंगर, तुपातले बटाटे, गुळात घोळलेलं रताळं, दोन केळी आणि साखर घातलेलं दही.

"कोण येणार आहे जेवायास?"

"कुणी नाही मामा. उपास आहे."

त्यांनी दाराची चौकट धरली. मला ते तम्बी म्हणतात, तमिळमध्ये धाकटा भाऊ. "अय्यय्यो, तम्बी! ही तर जव्वरिशी! तिकडे सालेमच्या बाजूस कारखान्यांत कंदाच्या पिठाच्या गोळ्या करतात ती! आम्ही हिचं पायस करतों, नाहींतर लुगड्यांस खळ!"

"पण उपासाला चालते ना."

"देवास चालते. तुझ्या रक्तास कोणी विचारलं?"

आता हबकायची पाळी माझी होती. लहानपणापासून कुणी हे बोललंच नव्हतं. जेवणाच्या दिवसापेक्षा मी उपासाच्या दिवशी जास्त खात होतो, आणि वर देवाला सांगत होतो, बघ, माझी साखर उतरव.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझा ताबा घेतला. सकाळी कालव्याच्या काठानं चालायचं. मध्येच हुकूम सुटायचा, "गा!" मी दमून फक्त बोलू शकलो तर चाल बरोबर, एखादी ओळ गायला जमली तर वेग वाढवायचा. मी मुद्दाम बेसूर धापा टाकायचो, पण मास्तरांना कॉपी ओळखता येते. बसनं ओरत्तनाडुला जाऊन त्यांनी ज्वारी आणली. "तुझ्या गावचं धान्य टाकून आमचा भात कां धरलास?" कितीतरी वर्षांनी मी भाकरी थापली, पहिली तव्यावरच मोडली. उपास मोडू नको म्हणाले. फक्त ताट बदललं. ताक, काकडी, पेरू, मूठभर शेंगदाणे. एकदा तर दुकानात येऊन शेठना सांगून गेले की ह्याला तासातासानं उभं करा. नोकरी गेली असंच मी धरून चाललो होतो. उलट शेठनीच दुसऱ्या दिवशी स्वतःची साखर तपासून घेतली.

तीन महिने झाले. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. कागद दुपारी मिळणार होता, तोवर मला काही खायचंही सुचेना. "तुम्ही घरी जा" म्हटलं तर ऐकेनात. दोघं बाकावर बसलो. कागद आला तो मला उघडवेना. त्यांनीच घेतला, चष्मा पुसून तीनदा वाचला. "रेषेच्या आंत आहेस."

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. मग समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "माझा एक धाकटा भाऊ होता. साखर कळल्यावर घरच्यांनी त्याचं गोड बंद केलं. मी दर शनिवारीं चोरून तिरुवैयारूचा अशोका हलवा नेऊन देत असें. तो खूश, मीही खूश." चष्मा काढून त्यांनी पुन्हा पुसला. "त्यास मी एक पाऊल चालवलं नाहीं, तम्बी."

मी त्यांच्या हातातला कागद घेऊन खिशात घातला. म्हटलं, "मामा, चला, काहीतरी खाऊ. मी सकाळपासून उपाशी आहे."

"मीही."

"तुमचं कुठं रक्त काढायचं होतं?"

ते धोतर झटकत उठले. "तूं उपाशी असतां कॉफी घशाखालीं उतरेना," एवढं बोलून चालूही लागले.

मी तसाच बाकावर बसून राहिलो. माझ्या साखरेच्या आकड्यासाठी इथं कुणीतरी सकाळपासून नुसत्या पाण्यावर बसलं होतं, हे घरी फोनवर कसं सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.