फाइलीतला वारलू

सोनीबाईनं जन्मात कुणाच्या शब्दावर डोळे मिटून भरवसा ठेवला नाही. बसमध्ये चढायचं तर कंडक्टरला विचारून झाल्यावर ती ड्रायव्हरलाही पुन्हा विचारणार. लग्नाला होकार दिला तोही म्हणे नवऱ्याचं घर एकदा लपून बघून आल्यावर. नवरा वारलू यावर पोट धरून हसायचा. आलापल्लीला सागवानाच्या डेपोत तो लाकडं रचायचा. यंदा तो गेला, आणि भिंतीवर लावायला त्याचा धड एक फोटोही घरात नव्हता.

डेपोच्या ओळखपत्रावर तेवढा एक होता. कार्ड कधीच हरवलं होतं, पण त्याची पीडीएफ मुलीच्या, करिष्माच्या, मोबाइलमध्ये राहिली होती. ती घेऊन मायलेकी प्रफुलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आल्या.

प्रफुलनं स्क्रीनवर चेहरा ताणून मोठा केला, तसाच टिपला आणि छापला. सगळा चिखल.

"डोळे कुठी गेले याचे?" सोनीबाईनं विचारलं.

"थांबा मावशी, ॲपनं साफ करून देतो."

आता चेहरा गोरागोमटा निघाला, गालावर एक सुरकुती नाही. "माय, बाबा किती मस्त दिसून राह्यले!" करिष्मा हरखली. सोनीबाई मात्र मागं सरकली. लाकडाची ढलपी लागून वारलूची डावी पापणी कायमची खाली आली होती. इथे दोन्ही डोळे टक्क उघडे.

"हा कोणाचा माणूस होय? मले काऊन देऊन राह्यला?"

"तुमचाच आहे. जे दिसत नव्हतं ते ॲपनं आपल्या मनानं भरलं."

"त्यानं कधी पाह्यलं होतं याले?"

प्रफुल वैतागला. आधीच करायला हवं होतं ते त्यानं आता केलं. स्क्रीनवरून टिपणं सोडून पीडीएफचीच इमेज केली, रिझोल्यूशन जराही न घटवता. फोटो लहान निघाला, पण पापणी खाली होती, गालफडं बसलेली, दाढीचे खुंट वाढलेले.

"याच्याहून मोठा नाई होत मावशी, बिघडते."

"लहानच राहू दे."

फोटो हातात आला तरी ती जागची हलेना. संशयानं कॉम्प्युटरकडे बघत राहिली.

"याले तिथून काढलं. मग आता तिथी काय राह्यलं?"

"काई होत नाई हो, जसाच्या तसा राह्यते."

"दवाखान्यात नेलं तवा बी असंच सांगतलं होतं."

प्रफुलनं फाइल पुन्हा उघडली आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. सोनीबाई बसली. हातातला वारलू बघितला, मग पडद्यावरचा. तो होता तिथेच होता. इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली ती बाई मग भर दुकानात मोठ्यानं रडली, आणि करिष्मानं तिला थांबवलं नाही.