आपोआप सरकणारा बाण

जमीनमोजणीच्या कचेरीत सगळे त्यांना नकाशेबाई म्हणत. वीस वर्षं त्या हद्दीच्या रेषा काढत होत्या. स्वभाव मुलखाचा संशयी. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायच्या. नवरा म्हणायचा, "चोराची गरज नाही, तूच तोडशील ते."

एका सोमवारी त्यांनी माऊसला हात लावलेला नसताना पडद्यावरचा बाण सरकला. मंगळवारी तर नकाशात एकाची विहीर शेजाऱ्याच्या शेतात गेली. नकाशेबाईंनी मागे वळून पाहिलं. मागच्या टेबलावर नुकताच आलेला नवा माणूस होता. सगळ्यांशी गोड बोलायचा. नक्कीच पाणी मुरतंय! त्यांनी जाऊन साहेबांचे कान भरले.

बुधवारी दुरुस्तीवाला आला. कॉम्प्युटरमधल्या नोंदी बघून म्हणाला, "बाई, सोमवारी सव्वाअकराला याला दुसरा माऊस जोडलाय."

"कुणी?"

"ते हा कॉम्प्युटर विचारत नाही. चालू असताना नवा माऊस लावला, की लगेच कामाला घेतो. माऊस कितीही असोत, बाण एकच."

टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यामागे नखाएवढा तुकडा निघाला, बिनतारी माऊसचा. दुरुस्तीवाला तो उपटायला गेला, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. चोर रंगेहाथ धरायचाय."

दुपारी सगळे जेवायला गेले, नवा माणूसही. नकाशेबाई हलल्या नाहीत. समोरच्या टेबलावर फक्त ताई होत्या, चौदा वर्षं एका डब्यात जेवलेल्या. आणि बाण हलला.

नकाशेबाईंनी मान वर करून समोर पाहिलं. "ताई, फायलीखाली हात कशाला?"

ताईंचा चेहरा उतरला. "उजवा हात बधिर पडतो गं. लेकीने बिनतारी माऊस दिलाय, डाव्या हाताने सवय करतेय. पण मेला चालतच नाही! कुणाला सांगू नकोस, घरी बसवतील मला."

दोघींच्या कॉम्प्युटरचे डबे टेबलाखाली पाठीला पाठ लावून होते. ताईंनी चाचपडत तो तुकडा भलत्याच डब्यात खुपसला होता. नकाशेबाईंनी वाकून तो काढला, ताईंच्या डब्यात लावला. टुंग झालं, आणि ताईंचा बाण डुगडुगत निघाला.

नव्या माणसाची त्यांनी माफी मागितली. "असू द्या," तो हसून म्हणाला. पण तेव्हापासून टेबलावरून उठताना तो कॉम्प्युटर बंद करून, परत एकदा बघून जाऊ लागला.